पेट्रोलचा हिशेब मी कसा सुधारला

माझ्या मोटरसायकलला १३ लिटरची टाकी, डांबरी रस्त्यावर लिटरला ३५ किलोमीटर. म्हणजे ४५५ किलोमीटर जाणार, असं गृहीत धरून मी २९० किलोमीटरच्या कच्च्या वाटेवर निघालो. वाळू, चिखल, सतत पहिला-दुसरा गिअर आणि त्यात वाट चुकलो. ३१० च्या आसपास गाडी बंद पडली. निर्जन ठिकाणी असं अडकणं खरंच धोक्याचं आहे.

परत आल्यावर पूर्ण सामान लादून, टाकी काठोकाठ भरून तशाच वाटेवर ६० किलोमीटर फिरलो. पुन्हा काठोकाठ भरायला अडीच लिटर लागले. म्हणजे ॲव्हरेज फक्त २४!

आता हिशेब याच आकड्यावर करतो. २९० ला २४ ने भागलं की १२ लिटर, वर वाट चुकण्यासाठी पाव हिस्सा, म्हणजे १५. रिझर्व्ह हिशेबातच धरतो, वेगळी शिल्लक मानत नाही. उरलेल्या दोनासाठी तीन लिटरचा पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन नेतो. तो जमिनीवर ठेवूनच भरायचा, वर थोडी जागा सोडायची आणि खाली, सीटजवळ बांधायचा. टाकीत जागा झाली की लगेच ओततो.