पेट स्कॅनमध्ये गाठ चमकली? या चुका टाळा

फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेट-सीटी झाला की डॉक्टर भेटायच्या आधी रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. छातीतल्या लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीच्या गाठीत) अपटेक, म्हणजे चमक दिसली, एसयूव्ही (चमक किती, त्याचा आकडा) अमुक, एवढं वाचून कुणीतरी काका निकाल देतात: पसरलाय, आता ऑपरेशन नाही.

इथेच घाई होते. पेट कॅन्सर ओळखत नाही. शरीर ग्लुकोज कुठे जास्त ओढतंय तेवढं दाखवतो. टीबी आणि सार्कॉइडोसिसच्या (कॅन्सर नसलेला, गाठी सुजवणारा आजार) गाठीही तशाच चमकतात, आणि आपल्याकडे टीबी काही दुर्मीळ नाही. एसयूव्हीचा असा कुठलाही आकडा नाही की त्याच्या वर कॅन्सर आणि खाली टीबी. छातीत ट्यूमरच्या पलीकडच्या बाजूच्या गाठीत खरंच कॅन्सर असेल तर तो एन-३ (गाठींतल्या पसरण्याची सगळ्यात वरची पायरी), म्हणजे ऑपरेशन सहसा बाद. एवढा मोठा निर्णय नुसत्या रंगीत चित्रावर सोडू नका. ईबस करता येईल का, ते विचारा. त्यात श्वासनलिकेत दुर्बीण घालून सोनोग्राफीच्या आधाराने सुईने गाठीतला नमुना घेतात.

उलटी चूकही होते. सीटीवर गाठीचा आखूड व्यास 10 मिमीच्या आत आहे, म्हणजे साफ, असं नसतं. लहान गाठीतही कॅन्सरच्या पेशी असू शकतात. मूळ ट्यूमर 3 सेंमीपेक्षा मोठा किंवा छातीच्या मध्याजवळ असेल, तर पेट स्वच्छ असूनही डॉक्टर ईबस सांगतात. तिथे ‘रिपोर्ट क्लीन आहे, मग कशाला?’ म्हणून हुज्जत घालू नये. आणि फुप्फुसात सावली दिसली म्हणून थुंकीची तपासणी, बायोप्सी काही न करता एकेटी (टीबीची औषधं) सुरू करून महिनोन्‌महिने वाट बघणं तर नकोच.

तयारीतही गडबड होते. सोलापूर-साताऱ्याहून पहाटे स्वारगेटला उतरून अमृततुल्यातला चहा घेतला की उपास मोडला! साधारण सहा तास पाण्याशिवाय काही नको. मधुमेह असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. साखर 200 च्या वर गेली तर स्कॅन बहुतेक पुढे ढकलतात. आदल्या दिवशी तळजाईची टेकडी चढू नका, स्नायू उजळतात. डिसेंबरच्या गारठ्यात स्वेटर-मफलर घालून जा. थंडीने मानेतली तपकिरी चरबी चमकते आणि तिथल्या गाठी वाचणं अवघड होतं. स्कॅनसाठीच्या ग्लुकोजसारख्या औषधाच्या इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहा, फोनवर गप्पा नकोत.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना नुसत्या फिल्म नेऊ नका. सीडी न्या, जुन्या सीटीचीही. तीच गाठ दोन वर्षांपूर्वी तेवढीच होती का, हे त्यावरूनच कळतं.