पावसाआधी संत्र्याच्या बुंध्याशी बसा

मृगाच्या सरी यायच्या आत एक सकाळ काढा, धारदार चाकू घ्या आणि बागेतल्या प्रत्येक झाडापाशी खाली बसा. फवारताना आपली नजर पानाफळांवर असते. संत्र्याचं झाड मात्र बरेचदा बुंध्यापासून जातं.

सालीचा वरचा खरबरीत थर मेलेला असतो. त्याचं काम राखणीचं. आतली ओलसर, जिवंत साल पानांत तयार झालेलं अन्न मुळांना पोचवते. ती बुंध्याभोवती गोल कुजली की मुळं उपाशी पडतात, पानांच्या शिरा पिवळ्या होतात. कधी असं झाड अवेळी फुलोऱ्याने भरून जातं. त्यावर खूश होऊ नका, वाळण्याआधी ते असं फुलतं.

वरुड, मोर्शी, काटोलकडच्या भारी काळ्या जमिनीत याचं मुख्य कारण डिंक्या रोग. फायटोफ्थोरा नावाची बुरशी ओल्या मातीतून सालीत शिरते आणि त्या जागी डिंक पाझरतो. डिंक दिसला की कुजकी साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढा. खरवड आळ्यात पडू देऊ नका, गोळा करून जाळा. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या १ टक्का द्रावणाने धुवा आणि वर बोर्डो मलम लावा.

मलमासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना ५ लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवा. भांडी प्लास्टिकची घ्या, लोखंडाची चालणार नाहीत. चुना गार झाल्यावर दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता. त्यात विळ्याचं पातं बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. मलम त्याच दिवशी संपवा. जमिनीपासून ३ फुटांपर्यंत सगळ्या झाडांना लावा, निरोगी झाडांनाही. पावसाळा सरल्यावर पुन्हा एक हात द्या.

पण पाणी खोडाला टेकत असेल तर मलमाने भागणार नाही. दुहेरी आळं करा, म्हणजे खोडाजवळ एक आणि बाहेर एक कडं घालून पाणी दोन्हींच्या मधेच द्या, बुंधा कोरडा राहील. बुंध्याला मातीची भर नको, साचलं पाणी चराने बाहेर काढा. रोटाव्हेटर खोडापासून लांब ठेवा, त्याने सोललेली साल म्हणजे रोगाला उघडं दार. नवी लागवड करणाऱ्यांनी कलमाचा जोड जमिनीच्या किमान अर्धा फूट वर ठेवावा.

फांद्यांच्या बेचक्यात भुसा आणि विष्ठेची जाळी दिसली तर ती साल खाणारी अळी. जाळी झाडा, छिद्रात तार घालून अळी मारा, पेट्रोलचा बोळा कोंबा आणि ओल्या मातीने लिंपा.