लुथरन सेमिनरी निवडताय? फॉर्म भरायच्या आधी या चुका टाळा

अमेरिकेत लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट चर्चचा पास्टर व्हायचं तर सेमिनरीत, म्हणजे पास्टर घडवणाऱ्या शाळेत शिकावं लागतं. ते ठरवलेली माणसं पहिली चूक करतात ती गूगलवर. बेस्ट लुथरन सेमिनरी असं टाकायचं, दगडी चॅपल आणि हिरवळ बघून खूष व्हायचं, मग फीचं पान उघडलं की धस्स. अहो पण तुम्ही पास होईपर्यंत ते चॅपल त्यांच्याकडे राहणार आहे का हे आधी विचारा ना. शिकागोच्या एलएसटीसीने, म्हणजे लुथरन स्कूल ऑफ थिऑलॉजीने, हाइड पार्कमधली स्वतःची इमारत विकली आणि 2023 मधे ते कॅथलिक थिऑलॉजिकल युनियनच्या इमारतीत रहायला गेले. गेटिसबर्गची सेमिनरी 1826 ची, फिलाडेल्फियाची 1864 ची, दोघी 2017 मधे एक होऊन युनायटेड लुथरन सेमिनरी झाल्या. बर्कलीची पॅसिफिक लुथरन 2014 पासून कॅलिफोर्निया लुथरन युनिव्हर्सिटीत, कोलंबसची ट्रिनिटी 2018 पासून कॅपिटल युनिव्हर्सिटीत, आणि साऊथ कॅरोलायनातली सदर्न सेमिनरी 2012 ला लेनवार-राइन युनिव्हर्सिटीत गेली, वर नंतर तिचं बिऱ्हाडच कोलंबियाहून हिकरीला हलवायचं ठरलं.

कारण सरळ आहे. ईएलसीए, म्हणजे इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका, हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं लुथरन चर्च, 1988 मधे तीन चर्चेस मिळून बनलं तेव्हा मेंबर 50 लाखांच्या वर होते, आता 30 लाखांच्याही खाली आलेत. मेंबर कमी म्हणजे दान कमी, दान कमी म्हणजे सेमिनरीला वरून येणारा पैसा कमी, विद्यार्थीही कमी, आणि इमारतीचं छप्पर गळायचं थांबत नाही.

यावर लोक उलटी चूक करतात, विलीन झालेली म्हणजे बुडालेली असं धरून तिच्यावर काट मारतात. मला तरी उलट वाटतं, ज्यांनी इमारत विकून पैसा शिक्षणाकडे वळवला त्या निदान हिशोब बघतायत. जी अजून सगळं मस्त चाललंय म्हणते तिला जास्त प्रश्न विचारा. गेल्या काही वर्षांचा ऑडिट रिपोर्ट मागा, तूट किती, ठेवींतून दरवर्षी किती काढतात, कायम नोकरीतले प्राध्यापक किती उरलेत. अॅडमिशनवाले गोड बोलतात, ते त्यांचं कामच आहे, म्हणून शेवटच्या वर्षाच्या दोघातिघांना गाठून बोला.

आधी अॅडमिशन, मग सिनॉड

ही सगळ्यात महाग चूक. एम.डिव., म्हणजे पास्टरकीची मास्टर्स डिग्री, घेतली म्हणजे ऑर्डिनेशन, म्हणजे पास्टर म्हणून दीक्षा, होतंच असं नाही. ईएलसीएमधे तुमच्या सिनॉडची, म्हणजे चर्चच्या तुमच्या भागातल्या शाखेची, उमेदवार पारखणारी कँडिडसी कमिटी असते, सायकॉलॉजिकल तपासणी असते, आधी एन्ट्रन्स, मग एंडोर्समेंट, शेवटी अप्रूव्हल, आणि कमिटी कुठल्याही टप्प्यावर थांबा म्हणू शकते. म्हणून सेमिनरीच्या आधी सिनॉड ऑफिसला फोन करा, आणि पहिल्याच भेटीत विचारा की पैशाची मदत किती आणि कुठल्या सेमिनरीला. घराजवळच्या दुसऱ्या पंथाच्या सेमिनरीत शिकून लुथरन विषय वेगळे पूर्ण करायची सोयही असते पण ती कमिटीने मान्य केली तर, नंतर सांगून चालत नाही.

आणि लुथरन म्हणजे सगळे एकच असं समजू नका. मिसुरी सिनॉड हे नावात सिनॉड असलं तरी ईएलसीएची शाखा नाही, वेगळंच चर्च आहे, त्याच्या सेंट लुइस आणि फोर्ट वेन इथल्या सेमिनऱ्या वेगळ्या, तिथे बायका पास्टर होत नाहीत, ईएलसीएच्या पूर्वीच्या दोन मोठ्या चर्चेसमधे 1970 पासून होतात. 1974 मधे सेंट लुइसच्या सेमिनरीतले बहुतेक प्राध्यापक आणि विद्यार्थी शिकवणीच्या वादावरून उठून बाहेर गेले आणि त्यांनी सेमिनेक्स नावाची वेगळी सेमिनरी काढली, इतकं ते भांडण खोल आहे. तेव्हा एका ठिकाणी शिकून दुसऱ्या ठिकाणी कॉल, म्हणजे मंडळीकडून पास्टर म्हणून बोलावणं, घेऊ असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

ट्यूशन माफ, पण खर्च?

लुथर सेमिनरीने पूर्ण ट्यूशन भागवणारी जुबिली स्कॉलरशिप काढली, ईएलसीएचा फंड फॉर लीडर्स हा स्कॉलरशिपचा फंड 1997 पासून आहे, चांगलंच आहे, पण ट्यूशन शून्य बघून लोक वही मिटून टाकतात. मिटू नका. समजा भाडं महिना 1,200 डॉलर, म्हणजे वर्षाचे 14,400, चार वर्षांचे 57,600, आणि यात अजून हेल्थ इन्शुरन्स नाही, किराणा नाही, गाडी नाही, सोडलेल्या नोकरीचा पगार तर नाहीच नाही. वर सीपीई, म्हणजे बहुधा हॉस्पिटलमधे पेशंटजवळ बसायचं ट्रेनिंग, एका युनिटचे साधारण 400 तास, फी तुम्ही भरायची आणि बरेचदा त्या उन्हाळ्यात कमाई काही नाही. इंटर्नशिपच्या वर्षात स्टायपेंड मिळतो पण घर हलवावं लागू शकतं, मग नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीचं काय? म्हणून वॉर्टबर्ग सेमिनरीसारख्या ठिकाणी घरी राहून ऑनलाइन वर्गात बसायची सोय आहे ती कमीपणाची समजू नका. एक मात्र खरं, चॅपलनंतर कॉफी घेत चालणाऱ्या गप्पा झूमवर होत नाहीत, आणि पुढे अंत्यविधीच्या आदल्या रात्री घाबरून फोन करायला लागतो तो त्या गप्पांतल्याच कुणालातरी.

कर्ज घेताना लक्षात ठेवा की ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांच्या फेडरल कर्जावर पैसे हातात आल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. चर्चमधे काम म्हणजे कर्जमाफी नाही असं अजूनही बरेच जण सांगतात, ते जुनं झालं. 2021 च्या नियमबदलानंतर पास्टरची नोकरीही पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस या सरकारी कर्जमाफीच्या योजनेत धरता येते, 120 हप्ते भरायचे आणि आठवड्याला सरासरी किमान 30 तास काम हवं. पण इथेच मेख आहे. लहान मंडळ्यांना पूर्णवेळ पास्टर परवडत नाही, कॉल येतो तो अर्ध्या वेळेचा, मग 30 तास भरायला नियमात बसणारी दुसरी नोकरी लागते. तुमच्या सिनॉडची पगाराची गाइडलाइन मागून घ्या, पहिला कॉल अर्धवेळच मिळणार असं धरून हप्ता काढा, आणि तो डोळ्यात पाणी आणणारा निघाला तर शाळा बदला.

नगर, पुण्याकडून कुणी थेट अर्ज करत असेल तर वरचं अर्धं गणित लागूच होत नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर फेडरल कर्ज नाही, पहिल्या वर्षाचा खर्च दाखवल्याशिवाय आय-20, म्हणजे व्हिसासाठी शाळेने द्यायचा कागद, नाही, सेमिस्टर चालू असताना काम साधारणपणे फक्त कॅम्पसवर आणि आठवड्याला 20 तासांपर्यंत, आणि सोबत एफ-2 वर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. सेरामपूरची बी.डी., म्हणजे भारतातली पास्टरकीची डिग्री, आधीच झाली असेल तर परत एम.डिव. कशाला, एलएसटीसी किंवा लुथरमधे पुढच्या डिग्रीचं विचारा.

आणि मधेच सेमिनरी हलली तर?

घाबरून लगेच ट्रान्सफर घेऊ नका. आधी विचारा की टीच-आउट प्लॅन आहे का, म्हणजे चालू विद्यार्थ्यांचा कोर्स पूर्ण करून द्यायची सोय, आणि तो लेखी मागा. मग कँडिडसी कमिटीला कळवा, तुमच्या आधी त्यांना दुसरीकडून कळलं तर बरं दिसत नाही. नवीन सेमिनरी किती क्रेडिट धरणार हे ट्रान्सक्रिप्ट दाखवून ईमेलवर घ्या, फोनवरच्या हो ला काही अर्थ नाही. स्कॉलरशिप तुमच्या नावाची आहे की शाळेच्या हेही बघा, शाळेची असेल तर ती तिथेच राहते. आणि कॅम्पसवर रहात असाल तर भाडेकरार वर्षाचा न करता सेमिस्टरपुरता मिळतो का बघा.