‘प्रिसीड’ वाचताना ‘पुढे’ म्हणू नका

तासगावहून सकाळच्या एसटीने माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी आहे. बँकेच्या परीक्षेची तयारी करते. गणित पक्कं, वेगही चांगला, पण आकड्यांच्या मालिकेवरचा प्रश्न आला की हमखास चुकायची. एक दिवस मी तिला म्हटलं, ‘‘सोडवताना मनात जे म्हणतेस ते मोठ्याने म्हण बघू.’’ ती म्हणाली, ‘‘ज्या सातच्या पुढे पाच आहे, ते सगळे सात मोजायचे.’’ प्रश्नात होतं ‘सेव्हन इमिजिएटली प्रिसीडेड बाय फाइव्ह’, म्हणजे ज्याच्या लगेच आधी पाच आहे असा सात. तिने ‘प्रिसीड’चा अर्थ ‘पुढे असणे’ असा पाठ केला होता, आणि तिथेच सगळं उलटं झालं होतं.

अभ्यास तिने मनापासून केला होता. अडचण आपल्या ‘पुढे’ या शब्दात आहे. वारीचंच बघा. माउलींच्या रथापुढच्या दिंड्या म्हणजे रथाच्या आधी गावात शिरणाऱ्या दिंड्या. पण ‘पुढचा मुक्काम’ म्हणजे नंतर येणारा मुक्काम. पालखी सासवडला असेल तर पुढचा मुक्काम जेजुरी. एकाच वाटेवर, एकाच दिवशी ‘पुढे’ हा शब्द एकदा ‘आधी’ सांगतो आणि एकदा ‘नंतर’. आपण बोलताना कधीच गोंधळत नाही, कारण रांग आहे की वेळ आहे हे आपल्याला दिसत असतं. कागदावर नुसते आकडे असतात. तिथे मन जो अर्थ आधी हाताला लागेल तो धरतं.

म्हणून माझ्या वर्गात पहिला नियम हा: ‘प्रिसीड’ला मराठीत एकच शब्द, ‘आधी येणे’. रांग असो, दिवस असो, अक्षरं असोत, ‘आधी’ कधी दिशा बदलत नाही. सासवड प्रिसीड्स जेजुरी, म्हणजे जेजुरीच्या आधी सासवड येतं. मुळातही हेच आहे. लॅटिनमध्ये ‘प्रे’ म्हणजे आधी आणि ‘सेडेरे’ म्हणजे जाणे.

दुसरा नियम ‘बाय’चा, आणि इथे घाई करू नका. ‘मंडे प्रिसीड्स ट्यूजडे’ या वाक्यात जो आधी लिहिलाय तोच आधी येतो. सोपं आहे. पण ‘ट्यूजडे इज प्रिसीडेड बाय मंडे’ म्हटलं की वाक्यात मंगळवार पहिला, प्रत्यक्षात सोमवार पहिला. ‘बाय’च्या नंतर जो बसलाय तो आधी येणारा. ‘फॉलोड बाय’चं याच्या बरोब्बर उलट: ‘बाय’नंतर जो आहे तो नंतर येणारा.

परीक्षेत भाषांतर करत बसायला वेळ नसतो, म्हणून मी बोटाची सवय लावते. ज्याच्याबद्दल विचारलंय त्या आकड्यावर बोट ठेवा. ‘प्रिसीडेड बाय’ दिसलं की डावीकडे बघा, ‘फॉलोड बाय’ दिसलं की उजवीकडे. ‘इमिजिएटली’ असेल तर फक्त लागूनचं एकच घर. हे करून बघा:

४ ५ ७ ३ ५ ७ ८ ९ ७ ५ ७ ३ ५ ७ २

प्रश्न: असे किती ७ आहेत, की जे ५ने ‘इमिजिएटली प्रिसीडेड’ आहेत, पण ३ने ‘इमिजिएटली फॉलोड’ नाहीत? ७ हा आकडा एकूण पाच वेळा आलाय. पहिल्याच्या डावीकडे ५ आहे, पण उजवीकडे ३, तो गेला. दुसऱ्याच्या डावीकडे ५, उजवीकडे ८, तो धरा. तिसऱ्याच्या डावीकडे ९, गेला. चौथ्याच्या उजवीकडे पुन्हा ३, गेला. पाचव्याच्या डावीकडे ५, उजवीकडे २, धरा. उत्तर २. आता दिशा उलटी धरून मोजा: उत्तर १ येतं. पर्यायांमध्ये १सुद्धा असतोच, त्यामुळे चुकल्याचा संशयही येत नाही. मुलांचे गुण जातात ते इथे, आणि मेहनत करूनही जातात याचं मला फार वाईट वाटतं.

आता स्वतः वाक्य लिहिताना. मराठीत आपण ‘च्या आधी’ म्हणतो, म्हणून इंग्रजी लिहितानाही हात ‘बिफोर’ लिहायला जातो: ‘प्रिसीड्स बिफोर’. हे चूक. ‘आधी’ त्या क्रियापदातच आहे, त्याच्यानंतर थेट नाम ठेवायचं. आणि रोजच्या बोलण्यात हा शब्द ओढूनताणून आणू नका. ‘मी तुझ्या आधी पोचले’ यासाठी ‘आय केम बिफोर यू’ हेच बरोबर. ‘प्रिसीड’ची जागा क्रमाची, लिखाणाची, समारंभाची: भाषणाआधी स्वागतगीत झालं, तर ‘द स्पीच वॉज प्रिसीडेड बाय अ वेलकम साँग’. फॉर्मवर ‘प्रिसीडिंग इयर’ असेल तर लगेच आधीचं वर्ष. ‘थ्री प्रिसीडिंग इयर्स’ असेल तर आधीची सलग तीन, चालू वर्ष त्यात धरायचं नाही.

स्पेलिंगसाठी एवढं पुरे: शेवटी ‘सी-ई-ई-डी’ लिहायची क्रियापदं तीनच, एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. ‘सुपरसीड’ एकटाच ‘एस-ई-डी-ई’वाला. बाकी प्रिसीड, रिसीड, कन्सीड, इंटरसीड हे सगळे ‘सी-ई-डी-ई’. प्रिसीड आणि प्रोसीड यांची गल्लत फार होते. ‘प्रोसीड’ म्हणजे चालू ठेवणे, पुढे सरकणे, म्हणजे ‘पुढे’ हा शब्द खरं तर त्याचा आहे.

या कुटुंबातला मला सगळ्यात आवडणारा शब्द ‘प्रेसिडेन्स’. त्याला मराठीत ‘अग्रक्रम’ म्हणतात, पण ‘मानाचा क्रम’ म्हटलं की तो खरा कळतो. पुण्यातली विसर्जन मिरवणूक डोळ्यांसमोर आणा: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. कसबा गणपती आकाराने मोठा म्हणून पहिला नाही. तो ग्रामदैवत, पहिला मान त्याचा. इंग्रजीत ‘टेक्स प्रेसिडेन्स ओव्हर’ म्हणजे हेच. केंद्र सरकारचाही असा मानक्रम आहे, ‘टेबल ऑफ प्रेसिडेन्स’: राष्ट्रपती १, उपराष्ट्रपती २, पंतप्रधान ३, आणि आपापल्या राज्यात राज्यपाल ४. तो फक्त समारंभांसाठी आहे, रोजच्या कारभारासाठी नाही. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं. गणितात आपण ‘कंचेभागुबेव’ शिकलो, तोही प्रेसिडेन्सच. ६ + ४ × २ चं उत्तर १४ येतं, कारण गुणाकाराचा मान बेरजेच्या आधी.

‘प्रेसिडेंट’ या उच्चाराचे दोन शब्द आहेत असं मुलांना वाटतं. नाहीत. राष्ट्रपती तो ‘प्रेझिडेंट’, मध्ये झ. न्यायालयातला पूर्वनिर्णय तो ‘प्रेसिडेंट’, मध्ये स. आपल्याकडे झ आणि स वेगळे लिहिता येतात, तेव्हा वहीत देवनागरीतच उच्चार लिहून ठेवा. माझा धाकटा भाऊ वकील आहे. त्याच्या बोलण्यात हा शब्द दिवसातून दहादा येतो. संविधानाच्या कलम १४१प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. संविधानाची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही, असं सांगणारा केशवानंद भारती खटल्याचा १९७३चा निकाल म्हणूनच अजून वाचला जातो. कोर्टाबाहेर याच शब्दाला आपल्याकडे किती सुंदर शब्द आहे: पायंडा. ‘सेट अ प्रेसिडेंट’ म्हणजे पायंडा पाडणे. आणि ज्याला पायंडाच नाही ते ‘अनप्रेसिडेंटेड’, अभूतपूर्व.

आज रात्री वहीत तीन वाक्यं मराठीत उतरवा. एक, ‘ऑगस्ट प्रिसीड्स सप्टेंबर.’ दोन, ‘द मील वॉज प्रिसीडेड बाय अ प्रेअर.’ तीन, ‘द लेटर दॅट प्रिसीड्स द लेटर प्रिसीडिंग एफ.’ तिसऱ्यात शेवटून सुरुवात करा: एफच्या लगेच आधी ई, ईच्या आधी डी. उत्तर डी. तासगावच्या त्या मुलीने परवा हे बोट न ठेवता सोडवलं.