मुंबईत दोन-चार दिवसांसाठी फ्लॅट भाड्याने घेताय? किल्लीची वेळ आधी ठरवा
रत्नागिरी-कुडाळकडून कोकणकन्या एक्सप्रेसने निघालं की आपण पहाटेच मुंबईत उतरतो, पण दोन-चार दिवसांसाठी घेतलेल्या फ्लॅटची किल्ली बहुधा दुपारीच हातात पडते. सोबत उपचारांसाठी नेलेलं म्हातारं माणूस असेल तर हे मधले तास फार जड जातात. म्हणून पैसे भरण्याआधीच मालकाला विचारा, सकाळी घरात घेणार का, आणि होकार मेसेजवर लिहून घ्या. नाहीच जमलं तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे तिकीट दाखवावं लागतं, बॅगेला कुलूपही हवं. सोसायटीच्या वॉचमनकडे तुमची नावं पोचलीत ना, तेही बघा. आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते नक्की विचारा. दारात विहीर असलेल्या आपल्या माणसांना हे चटकन सुचत नाही.