सुताची थकलेली उधारी: तडजोड करताना मुदत कशी सांभाळावी

सोलापुरात सुताची उधारी पुष्कळदा शब्दावर चालते, आणि ती थकली की 'गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची जत्रा) झाली की देतो' हे उत्तर ठरलेलेच असते. यंत्रमागधारकाशी पुढेही व्यवहार करायचा असल्याने व्यापाऱ्याने आधी तडजोड पाहावी हे योग्यच आहे. परंतु तोंडी बोलणी कितीही लांबली तरी १९६३ च्या मुदत कायद्यातील दावा लावण्याची मुदत त्यामुळे वाढत नाही.

म्हणून पहिले काम तारीख काढण्याचे. उधारीचा अवधी ठरला असेल तर तो संपल्यापासून, नसेल तर माल पोहोचता केल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. ही मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याचे लिहून सही केली, तर कलम १८ नुसार त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. अंशतः रक्कम घेताना ती धनादेशाने घ्यावी, कारण रोख रकमेची नोंद केवळ तुमच्याच वहीत असून उपयोग नाही, त्यावर देणाऱ्याचे हस्ताक्षर किंवा सही लागते. सही मागायला संकोच वाटतो खरा, पण नेमक्या याच संकोचापायी चांगले दावे मुदतबाह्य होतात.

त्यानंतर बिले, डिलिव्हरी चलन आणि खातेउतारा तारखेनुसार लावून वकिलामार्फत नोटीस द्यावी. तडजोडीच्या पत्रात 'हक्कांस बाधा न येता' (म्हणजे तडजोड न झाल्यास आपला मूळ हक्क कायम राहील) असे स्पष्ट लिहावे, आणि हप्ते ठरल्यास एक हप्ता चुकताच सर्व बाकी व्याजासह एकदम देय होईल, अशी अट घालावी.

व्यापारी व्यवहारातील दावा ३ लाख रुपये किंवा अधिक मूल्याचा असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर २०१५ च्या वाणिज्य न्यायालये कायद्याच्या कलम १२-अ नुसार दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि या मध्यस्थीत गेलेला काळ मात्र मुदतीतून वगळला जातो. लोकअदालतीत झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच (दाव्याच्या निकालासारखाच) अंमलात येतो व त्यावर अपील नसते, त्यामुळे तिथे सही करण्यापूर्वी प्रत्येक अट वाचून घ्यावी. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या पक्षकारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो.

तडजोड फिसकटली आणि हाती लेखी करार किंवा वचनचिठ्ठी असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालील संक्षिप्त दाव्याबद्दल वकिलाला विचारावे. त्यात प्रतिवादीला बचावासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

हुकूमनामा मिळाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. त्यासाठी १२ वर्षांच्या आत दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. कारागिराची अवजारे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार जप्त होत नाहीत, त्यामुळे देणेकऱ्याची बँक खाती कोठे आहेत आणि त्याच्या नावावर कोणती मिळकत आहे, याची माहिती दावा लावण्यापूर्वीच जमवून ठेवावी.