स्लरी पंपाची झीज, तडे आणि घटलेली कामगिरी : कारण कसे शोधावे

स्लरी पंपात झीज होणारच, कारण वाळू, खनिजाचा चुरा किंवा राख पाण्याबरोबर सतत धातूवर घासत असते. मात्र एखादा भाग अपेक्षेपेक्षा लवकर संपला, तर त्याच्या झिजलेल्या पृष्ठभागावरच कारण उमटलेले असते. तो भाग न तपासता भंगारात टाकला आणि त्याच जागी नवा बसवला, तर नव्याचीही तीच गत होते.

पंप उघडण्यापूर्वी तो चालू असतानाची मोजमापे घ्यावीत. डिस्चार्ज (स्लरी बाहेर सोडणारी बाजू) आणि सक्शन (स्लरी आत ओढणारी बाजू) यांचा दाब, मोटरचे अँपियर, स्लरीची घनता आणि टॅकोमीटरने मोजलेली शाफ्टची प्रत्यक्ष गती एवढे आकडे हाती असले की अर्धे काम होते. गती मोटरच्या नेमप्लेटवरून गृहीत धरू नये. बेल्ट घसरल्यामुळे गती 5 टक्क्यांनी जरी घटली, तरी हेड (पंप द्रव किती उंचीपर्यंत चढवू शकतो ते माप) सुमारे 10 टक्क्यांनी कमी होते, आणि दोष मात्र निर्दोष इम्पेलरवर (पंपातील पात्यांच्या फिरत्या चाकावर) टाकला जातो. प्रवाह आणि अँपियर दोन्ही घटले असतील तर सक्शनची पाइप तुंबली आहे का, टाकीतील पातळी खाली गेली आहे का किंवा ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या गळती रोखणाऱ्या भागातून) हवा आत ओढली जात आहे का, हे आधी पाहावे. उलट अँपियर वाढले असतील तर बहुधा घनता वाढलेली असते किंवा इम्पेलर लायनरला (पंपाच्या आतल्या, बदलता येणाऱ्या अस्तराला) घासत असतो.

उघडण्याआधी वीजपुरवठा तोडून कुलूप लावावे, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत आणि केसिंगमधला (पंपाच्या बाहेरच्या कवचातला) दाब पूर्ण सोडून द्यावा. यात कोणतीही सवलत घेऊ नये.

आता पृष्ठभाग पाहा. प्रवाहाच्या दिशेने गुळगुळीत, लाटांसारखी झीज असेल तर ती कणांच्या घर्षणाची आहे. स्पंजासारखे खडबडीत, खोल खड्डे इम्पेलरच्या डोळ्याजवळ (मध्यभागी, जिथून स्लरी आत शिरते) पात्यांवर दिसले तर कॅव्हिटेशनचा (दाब घटून द्रवात बनलेले वाफेचे बुडबुडे धातूजवळ फुटण्याचा) संशय घ्यावा. तिथे अधिक कठीण धातू वापरण्यापेक्षा सक्शनमधला अडथळा दूर करणे किंवा टाकीतील पातळी वाढवणे हाच इलाज आहे. सक्शन बाजूच्या लायनरवर गोलाकार खाचा पडल्या असतील, तर इम्पेलर आणि लायनर यांतील अंतर वाढले आहे आणि स्लरी पुन्हा सक्शनकडे वळते आहे. झीज कटवॉटरपाशीच (केसिंगमधील, प्रवाह डिस्चार्जकडे वळवणाऱ्या धारेपाशीच) एकवटली असेल, तर पंप त्याच्या सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या प्रवाहापासून फार दूर चालवला जात आहे. गतीकडे तर विशेष लक्ष हवे: झीज साधारणपणे वेगाच्या अडीच ते तीन घाताने वाढते, त्यामुळे गती 20 टक्क्यांनी वाढवली की झीज दीडपटीहून अधिक होते. उत्पादन थोडे वाढावे म्हणून पुली बदलणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. रबरी लायनर बारीक कणांना उत्तम तोंड देतो, पण टोकदार मोठे दगड त्याला चिरतात, तेलाने तो फुगतो आणि सक्शन बंद पडल्यास निर्वातामुळे आत ओढला जातो.

तडे हा वेगळा आणि अधिक गंभीर विषय आहे. उच्च क्रोमियमचे पांढरे ओतीव लोखंड अतिशय कठीण असते, म्हणूनच ते ठिसूळही असते. इम्पेलर शाफ्टवरून निघत नाही म्हणून त्याला गॅस टॉर्चने तापवणे किंवा तडा वेल्डिंगने बुजवणे हे दोन्ही धोक्याचे आहे, कारण स्थानिक उष्णतेने नवे तडे जातात आणि भाग फुटून तुकडे उडू शकतात. पाइपचे वजन फ्लँजवर (पाइप जोडण्याच्या कडेवर) टेकलेले असणे, बोल्ट कमी-अधिक ताणाने आवळणे, स्लरीबरोबर लोखंडाचा तुकडा आत येणे, ही तड्यांची नेहमीची कारणे आहेत. दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालवणे सर्वांत घातक, कारण अडकलेली स्लरी तापून वाफ होते आणि केसिंगचा स्फोट होऊ शकतो.

जोडणीच्या वेळी एक चाचणी अनिवार्य मानावी. बेल्ट चढवण्यापूर्वी मोटर क्षणभर फिरवून दिशा खात्रीने पाहावी, कारण इम्पेलर आट्यांनी शाफ्टवर बसलेला असतो आणि उलट फिरल्यास तो सुटून लायनर फोडतो. धातूच्या लायनरच्या पंपात, शाफ्ट हाताने फिरवत बेअरिंग हाउसिंग (शाफ्टचे बेअरिंग धरून ठेवणारा भाग) पुढे सरकवावे, इम्पेलर सक्शनच्या लायनरला हलकेच घासू लागला की उत्पादकाने दिलेल्या अंतराइतके मागे घ्यावे, आणि हे समायोजन झिजेनुसार वेळोवेळी पुन्हा करावे. ग्लँडच्या पाण्याचा दाब आतल्या दाबापेक्षा थोडा जास्त हवा; तो कमी पडल्यास कण पॅकिंगमध्ये (ग्लँडमधल्या दोरीसारख्या भरणात) शिरतात आणि शाफ्टची स्लीव्ह (त्यावरची संरक्षक नळी) झपाट्याने कापली जाते. पंप सुरू झाल्यावर सुरुवातीचीच मोजमापे पुन्हा घेऊन नोंदवहीत लिहावीत, म्हणजे पुढच्या तपासणीत तुलनेसाठी आधार राहतो.